वस्तीच्या वाटेवर कार्बोरेटरचा जेट



आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्या जुन्या आहेत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ चा नियम लागू झाला आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आले. पण खडबडीत वाटेसाठी घेतलेल्या २०११ च्या हिरो इम्पल्स, २०१६ च्या पहिल्या हिमालयन, २०१९ च्या कार्बोरेटरवाल्या एक्सपल्स, आणि अर्थातच साध्या शंभर सीसीच्या गाड्या अजून पारध्यांच्या पालांपर्यंत आणि डोंगरकडेच्या वस्त्यांपर्यंत जातात. हा पाठ त्या गाड्यांसाठी आहे. इंजेक्शनवाली गाडी असेल तर तिच्यात जेट नाही. तिची तक्रार कंपनीच्या मेकॅनिककडेच न्यावी.

जेट म्हणजे पितळेचा एक छोटा स्क्रू, मधोमध बारीक भोक असलेला. त्या भोकातून किती पेट्रोल जाईल त्यावर गाडीची चाल ठरते. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत दोन जेट असतात. रेस थोडी असताना पायलट जेटचे काम चालते आणि पाऊण ते पूर्ण रेसवर मेन जेटचे. मधला भाग मुख्यतः सुईकडे असतो. हे लक्षात ठेवले म्हणजे निम्मे निदान झाले. गाडी उभी राहताच बंद पडते पण रस्त्यावर नीट पळते, तर पायलट बघावा. घाटात पूर्ण रेस दिली की दम टाकते, तर मेन. चोक अर्धा ओढल्यावर गाडी सुधारली, तर पेट्रोल कमी पडते आहे हे नक्की.

आता आपल्या भागाची गोष्ट. सिरसाळ्याच्या आसपासच्या गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कित्येकांच्या गाड्या तेवढे महिने घराच्या भिंतीला टेकून उभ्या राहतात. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, आणि त्यातले काही उसापासून होते. म्हणजे ज्याने ऊस तोडला त्याच्याच गाडीच्या वाटीत तो परत येऊन बसतो! इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाला जाते, आणि जेट तळालाच असतात. वाटीतले पेट्रोल उडून गेल्यावर मागे चिकट थर राहतो, तो पायलटच्या केसाएवढ्या भोकात पहिल्यांदा बसतो. म्हणून गाडी ठेवून जाणाऱ्याला सांगावे: कॉक बंद कर, गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेव, मग वाटीच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून उरलेले काढ. पाच मिनिटांचे काम आहे.

इथेनॉलचा दुसरा परिणाम हिशेबाचा आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुना जेट शुद्ध पेट्रोलच्या मापाने बसवलेला, म्हणजे आता इंजिनाला सुमारे ७ ते ८ टक्के इंधन कमी मिळते. भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे व्यास चार टक्के वाढवला तरी पुरते. केहिनच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, १०० म्हणजे एक मिलिमीटर. तिथे १०० च्या जागी १०५ लावून बघावा. एकाच पायरीने वर जावे, दोन नाही. प्लग पांढराफटक असेल तरच हे करावे. काळा काजळीचा असेल तर उलट मोठ्या जेटची चूक आहे आणि पीयूसीतही गाडी अडकेल. मेळघाटात काम करणारे मित्र उंचीसाठी जेट बदलावा का असे विचारतात. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे, तेवढ्यासाठी काही बदलू नये. लेहला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

खरी अडचण जेटची नाही, तिथवर हात पोचण्याची आहे. गावातला मिस्त्री टाकी उतरवतो, एअर फिल्टरचा डबा सोडवतो, कार्बोरेटर बाहेर काढतो. दीड तास जातो. आरोग्यसेविकेला मागे बसवून लसीचा डबा घेऊन निघालो असू, तर तेवढ्यात आतला बर्फ वितळायला लागतो. म्हणून सोय घरीच, उजेडात करून ठेवायची.

पहिले, वाटीचे स्क्रू. हे बहुधा जपानी घडणीचे असतात. फुलीसारखे दिसले तरी साधा स्टार ड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही आणि डोके खराब होते. एक स्क्रू काढून हार्डवेअरच्या दुकानात न्या आणि त्याच जाडी-लांबीचे एलन की लागणारे बोल्ट घ्या. बहुतेक गाड्यांत जाडी चार मिलिमीटर असते. बसवताना एलन कीचा आखूड हात धरावा, लांब नव्हे, कारण समोर ॲल्युमिनियमचे आटे आहेत आणि जोर लावला की ते निघून येतात.

दुसरे, कार्बोरेटरच्या पुढच्या-मागच्या रबरांवर आवळलेले दोन पट्टे. यांचे स्क्रू कंपनी कुठेही तोंड करून बसवते. पट्टे सैल करून ते असे फिरवा की दोन्ही स्क्रू आपल्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर दिसतील. मग कार्बोरेटर काढायची गरजच उरत नाही. पट्टे सैल केले की तो रबरांत फिरतो, वाटी आपल्याकडे वळते. टाकी जागच्या जागी. फिरवताना रेसची केबल ताणली जात असेल, तर तिची वाट घरीच बदलून ठेवा. काही कार्बोरेटरांना वाटीच्या तळाशी मोठा नट असतो. तो काढला की मेन जेट थेट हाताशी येतो. अशी गाडी असेल तर भाग्यवान.

तिसरे, आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगाचे: रस्त्यावर जेट साफ करत बसू नका. त्याच नंबरचे दोन स्वच्छ जेट गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवा, नंबर सीटखाली लिहून ठेवा. वाटेत फक्त बदला. घाण झालेला घरी येऊन हवेने फुंका. आत स्टीलची तार घालू नये, भोक मोठे होते आणि मग कोणत्याच आकड्याचा अर्थ राहत नाही. पायलट खोल असतो, त्याला खाचेत पूर्ण बसेल असा अरुंद ड्रायव्हर लागतो. पितळ मऊ असते, ड्रायव्हर घसरला की खाच गेली. वाटीचे एक जादा रबरही डबीत असू द्या, जुने फुगले की परत बसत नाही.

खाली पांढरे फडके पसरा. पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही, काळ्या मातीत पडलेला जेट शोधणे म्हणजे संध्याकाळ गेली. कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल बाटलीत घ्या, जमिनीवर सांडू नका. इंजिन थंड होऊ द्या, आणि बघायला जमलेल्यांपैकी कोणाच्या हातात पेटती बिडी असेल तर आधी ती दूर पाठवा. हवेचा स्क्रू फिरवणार असाल, तर आधी तो पूर्ण आत नेताना किती फेरे झाले ते मोजून लिहा.

वसतिगृहातल्या मोठ्या मुलांना हे काम एकदा हाताने करू द्यावे. डोळे मिटून वाटी उघडण्याची शर्यत लावली तर त्यांना मजाही येते, मात्र तेव्हा कार्बोरेटर गाडीवरचा नको, टेबलावरचा रिकामा असावा.