त्रैक्य आणि देहधारण : एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर

कांहीं वर्षांपूर्वीं शास्त्रपाठाच्या तासाला नववीच्या वर्गास आम्ही त्रैक्याचा पाठ शिकवीत होतों. विषय कठिण; म्हणून शाळेच्या कुंपणाजवळील बेलाचें एक पान तोडून आणून आम्हीं मुलांस दाखविलें. "दळें तीन, परंतु पान एकच, त्याप्रमाणें पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव," असें सांगून आम्ही पुढें जाणार, तोंच मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. "सर, यांतलें एक दळ म्हणजे पानाचा तिसरा हिस्सा. मग पिता हा देवाचा तिसरा हिस्सा समजावयाचा काय? तसें नसेल तर देव तीन झाले. कीं हें आमच्या दत्तासारखेंच आहे?" वर्ग हंसला. आम्हांला उत्तर सुचलें नाहीं, आणि तें न सुचल्याचा राग आम्हीं त्या मुलावर काढला. "श्रद्धेच्या गोष्टींत फांटे फोडूं नयेत. खालीं बैस!" असें आम्ही म्हणालों. तो मुकाट्यानें बसला. वर्षाअखेरपर्यंत त्यानें आम्हांला पुन्हां एकहि प्रश्न विचारला नाहीं.

तो विद्यार्थी आतां शाळा सोडून गेला आहे. त्याचें उत्तर देणें आमच्याकडे राहिलें आहे, आणि शिक्षकाच्या अंगावर असें ऋण राहूं नये. वार्षिकाची प्रत माजी विद्यार्थ्यांच्या घरींहि जाते, म्हणून तें उत्तर येथें लिहीत आहों.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं त्या मुलाचा आक्षेप बरोबर होता. ख्रिस्ती मंडळी देवाचे तीन हिस्से मानीत नाहीं. पित्याच्या ठायीं देवपण जितकें पूर्ण, तितकेंच पुत्राच्या ठायीं व तितकेंच पवित्र आत्म्याच्या ठायीं पूर्ण आहे. आणि तें देवपण एकच आहे, अशी तिची शिकवण आहे. बेलाच्या पानानें ही गोष्ट समजत नाहीं, उलट चुकीची समजते. पुष्कळ शिक्षक पाणी, बर्फ आणि वाफ यांचा दाखला देतात. तोहि टिकत नाहीं. जें पाणी गोठून बर्फ झालें, तें त्याच क्षणीं वाफ नसतें. या दाखल्यावरून असा समज होतो कीं एकच देव वेळप्रसंग पाहून निरनिराळीं रूपें पालटतो. तिसऱ्या शतकांत सबेल्यस नांवाच्या शिक्षकाचें मत याच प्रकारचें होतें, आणि मंडळीनें तें अमान्य केलें. कारण शुभवर्तमानांत यार्देन नदींतील बाप्तिस्म्याचा जो प्रसंग आहे, त्यांत पुत्र पाण्यांत आहे, आत्मा कबुतरासारखा उतरत आहे आणि पित्याची वाणी आकाशांतून ऐकूं येत आहे. हें सर्व एकाच वेळीं घडतें. शिवाय गेथशेमाने बागेंत येशू पित्याची प्रार्थना करितो. पिता आणि पुत्र हीं एकाचींच दोन सोंगें असतीं, तर ती प्रार्थना नाटक ठरली असती.

दत्ताच्या मूर्तींत तीन मस्तकें एका देहावर असतात, आणि उत्पत्ति, स्थिति व लय हीं कार्यें ब्रह्मा, विष्णु व महेश यांच्याकडे वांटून दिलेलीं आहेत अशी सामान्य समजूत आहे. त्रैक्याच्या शिकवणींत अशी वांटणी नाहीं. निर्मिति असो, तारण असो कीं पावित्र्य असो, प्रत्येक कार्य पिता पुत्राच्या द्वारें व आत्म्याच्या योगें करितो असें ती म्हणते. दत्तभक्तांच्या श्रद्धेविषयीं येथें बरेंवाईट बोलण्याचा आमचा हेतु नाहीं. या दोन कल्पना वेगळ्या आहेत, एवढेंच सांगावयाचें आहे.

मग ही शिकवण आली कोठून? ती कोणा पंडितानें गणित मांडून काढलेली नाहीं. येशूचे पहिले शिष्य यहूदी होते. देव एकच आहे, ही साक्ष यहूदी मनुष्य सकाळसंध्याकाळ म्हणतो. मनुष्याची पूजा करणें त्यांच्या दृष्टीनें मोठें पाप होतें. अशा लोकांनीं कफर्णहूम येथें छपर उकलून खालीं सोडलेल्या पक्षघाती मनुष्यास येशू पापांची क्षमा देतांना पाहिलें, आणि तेथें बसलेल्या शास्त्र्यांनीं मनांत धरलेला प्रश्न योग्यच होता, कीं पापांची क्षमा देवावांचून कोण करूं शकेल? याच येशूला वधस्तंभावर मरतांना लोकांनीं पाहिलें, आणि तो पुन्हां उठला अशी शिष्यांची खात्री झाली. ज्या थोमानें आधीं संशय घेतला, त्यानेंच पुढें त्याला प्रभु आणि देव म्हणून हांक मारली. हाच थोमा पुढें हिंदुस्थानांत आला, अशी केरळांतील ख्रिस्ती लोकांची जुनी परंपरा आहे. नंतर पेंटेकॉस्टच्या दिवशीं, जो देव त्यांना वर व बाहेर ठाऊक होता तोच आपल्या अंतःकरणांत आहे, असा त्यांना अनुभव आला. एकच देव, परंतु त्याची भेट अशी तीन प्रकारें झाली. अनुभव आधीं आला, शब्द मागाहून आला. 'त्रैक्य' हा शब्द पवित्र शास्त्रांत नाहीं. त्या अर्थाचा लॅटिन शब्द कार्थेज येथील तर्तुल्यन यानें इ. स. २०० च्या सुमारास आपल्या लेखांत योजिला.

पुढें खरी कसोटी चौथ्या शतकांत लागली. इजिप्तांतील अलेक्झांड्रिया शहरीं आरियस नांवाचा एक पाळक होता. पुत्र सर्व सृष्टीहून श्रेष्ठ खरा, परंतु तोहि निर्माण केलेलाच, असें त्याचें म्हणणें होतें. त्यानें आपलें मत पदांत बांधिलें होतें, आणि तीं पदें खलाशी व दळणारे लोक गात असत असें सांगतात. वाद विकोपास गेला, तेव्हां रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन यानें इ. स. ३२५ मध्यें निकिया येथें बिशपांची सभा बोलाविली. हें गांव आज तुर्कस्तानांत असून त्याचें हल्लींचें नांव इझ्निक आहे. २०२५ सालीं या सभेला १७०० वर्षें पूर्ण झालीं. सभेनें असा निर्णय दिला कीं पुत्र हा पित्याशीं 'होमोऊसियोस', म्हणजे एकाच तत्त्वाचा आहे. पुढें कित्येकांनीं 'होमोइऊसियोस', म्हणजे सारख्या तत्त्वाचा, असा शब्द सुचविला. ग्रीक लिपींत या दोन शब्दांत एका अक्षराचाच फरक आहे. एका अक्षरासाठीं एवढें भांडण कशाला, असें कोणीहि विचारील. अथनेशियस या पुरुषानें मात्र त्या अक्षरासाठीं आयुष्य वेंचिलें. निकियाच्या वेळीं तो तरुण सेवक होता. ३२८ सालीं तो अलेक्झांड्रियाचा बिशप झाला, पांच वेळां हद्दपार झाला, आणि त्याच्या आयुष्यांतील सुमारें सतरा वर्षें परागंदा स्थितींत गेलीं. ३७३ सालीं तो वारला. त्यानंतर ३८१ सालीं कॉन्स्टंटिनोपल येथील सभेनें निकियाचा निर्णय कायम केला व पवित्र आत्मा हाहि पिता व पुत्र यांच्याबरोबर उपासनेस पात्र आहे असें स्पष्ट केलें.

त्या एका अक्षरांत काय होतें, तें आम्ही आपल्या प्रांतांतील एका उदाहरणानें सांगतों. पुण्यास प्लेगची साथ आली, तेव्हां सावित्रीबाई फुले यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली. औषध देऊन दुसऱ्या कोणास पाठविणें त्यांना शक्य होतें. परंतु त्या स्वतः गेल्या, आणि प्लेग झालेल्या एका मुलाला आपण उचलून दवाखान्यांत घेऊन आल्या. त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. माणूस पाठविणें आणि स्वतः जाणें यांत जें अंतर आहे, तेंच अंतर त्या दोन शब्दांत आहे. येशू केवळ श्रेष्ठ दूत असेल, तर देवानें आमच्या दुःखाच्या ठिकाणीं दुसऱ्यास पाठविलें आणि आपण दूर राहिला. येशू जर खरोखर देव असेल, तर देव स्वतः आला. अथनेशियसाला हें दुसरें विधान सोडवेना. हा दृष्टांतहि सर्व बाजूंनीं पुरा नाहीं. 'स्वतः येणें' म्हणजे काय, एवढेंच तो सांगतो.

आतां देहधारणाविषयीं. येशू अर्धा देव आणि अर्धा मनुष्य, असें ख्रिस्ती मंडळी मानीत नाहीं. इ. स. ४५१ मध्यें खाल्केदोन येथील सभेनें ठरविलें कीं तो एकच व्यक्ति असून पूर्णपणें देव व पूर्णपणें मनुष्य आहे. त्याच्या ठायींचीं हीं दोन स्वरूपें एकमेकांत मिसळून गेलेलीं नाहींत, बदललेलीं नाहींत, तोडलेलीं नाहींत व विलग झालेलीं नाहींत. पाहा, चारहि शब्द नकाराचे आहेत. विहिरीच्या कांठाला कठडा बांधितात, तो पाण्याची खोली सांगण्यासाठीं नव्हे; पाणी काढणारानें आंत पडूं नये यासाठीं. सभेचे शब्द तशा कठड्यासारखे आहेत. गूढ उकललें असा दावा त्या बिशपांनीं केला नाहीं.

आमचे हिंदु विद्यार्थी येथें अवताराची आठवण करितात, तें स्वाभाविक आहे. देव भक्ताच्या घरीं हलकें काम करावयास येतो, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाहीं. जनाबाईबरोबर विठोबा दळूं लागला, पैठणास एकनाथांच्या घरीं श्रीखंड्या होऊन देवानें कावडीनें पाणी भरलें, या कथा ज्या घरांत सांगितल्या जातात, तेथें देवाच्या नम्रतेची कल्पना समजावून द्यावी लागत नाहीं. फरक आहे तो असा. श्रीखंड्या ओळखला जातांच अदृश्य झाला, असें कथा सांगते. येशू वधस्तंभावरून अदृश्य झाला नाहीं. त्याला भूक लागली, तो शोमरोनांत विहिरीपाशीं थकून बसला, मित्राच्या कबरेजवळ रडला, आणि पंतय पिलात सुभेदार असतांना मरण पावला. शिवाय अवतार युगायुगांत होतात असें गीता शिकविते. देहधारण एकदांच झालें आणि तें मनुष्यत्व देवानें पुन्हां टाकून दिलें नाहीं, असें ख्रिस्ती लोक मानितात.

या दोन्ही शिकवणी प्रीतीच्या विचारानें एकत्र जोडल्या जातात. देवाचें स्वरूपच प्रीति आहे असें योहान शिकवितो. परंतु सृष्टि नव्हती, तेव्हां देवानें प्रीति कोणावर केली? तो सर्वस्वीं एकाकी असता, तर प्रीति करण्यासाठीं त्याला जगाची गरज लागली असती. आफ्रिकेंतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टिन यानें या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला आहे. त्यांत प्रीति करणारा, जिच्यावर प्रीति केली जाते ती व्यक्ति, आणि स्वतः प्रीति, असा विचार त्यानें मांडिला आहे. देवाच्या स्वतःच्या जीवनांतच देणें आणि घेणें अनादिकाळापासून आहे. तेंच देणें मनुष्यदेहांत उतरलें, तें देहधारण.

मराठींत हा विषय आजचा नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें गोव्यांत राहून मराठी ओवींत रचलेलें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें. आणि या विषयावर मनापासून शंका घेणारेंहि आपल्यांत एक थोर नांव आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. पुढें चेल्टनहॅम येथें असतांना त्रैक्याची व ख्रिस्ताच्या देवपणाची शिकवण आपल्या बुद्धीस पटत नाहीं, असें त्यांनीं आपल्या गुरुजनांस पत्रांतून स्पष्ट कळविलें. मंडळी सांगते म्हणून मान्य करावें, हें त्यांनीं पत्करलें नाहीं. त्यांना कोणी वर्गांत खालीं बसविलें असतें, तर काय झालें असतें कोण जाणे! तेथील मुख्य अध्यापिका डोरोथिया बील यांनीं त्यांच्या शंकांना दीर्घ पत्रें लिहून उत्तरें दिलीं. याच रमाबाईंनीं पुढें केडगांव येथें निराश्रित स्त्रियांस आसरा दिला, आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर आपल्या हातून पुरें करून १९२२ सालीं त्या निवर्तल्या.

पालकांस आमची विनंती आहे कीं त्यांनीं या पाठाची भीति बाळगूं नये. आमचें मत आपल्या पाल्यानें स्वीकारावें, अशी अट या वर्गांत नाहीं. शेजाऱ्याची श्रद्धा काय आहे, तें त्यानें नीट समजून घ्यावें, एवढी अपेक्षा आहे. विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं प्रश्न विचारीत जा. आणि जे स्वतःस ख्रिस्ती म्हणवितात, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं ज्याला आपण देव म्हणतों, त्यानें शेवटच्या रात्रीं कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. त्रैक्याचा सिद्धान्त तोंडपाठ येऊन जर वर्ग झाडण्याची पाळी आपल्याला कमीपणाची वाटली, तर तो पाठ आपल्याला आला नाहीं असें समजावें.

त्या माजी विद्यार्थ्यास आम्ही एवढेंच कळवितों : तुझा प्रश्न योग्य होता, आणि तुला खालीं बसविण्यांत आमची चूक झाली. वरील उत्तरानें तुझें समाधान झालें नसेल, तर शाळेंत येऊन पुन्हां विचार. या खेपेस बेलाचें पान आणणार नाहीं.