सोनटक्का
आम्हां कोसाडकर मराठी मंडळींस सोनटक्का ठाऊक आहे तो कुंडीतला. परंतु त्याचे मूळ गाव म्हणजे पूर्व हिमालयातील ओढ्यांचे काठ. हा आले-हळदीच्या कुळातला. वरची पाने वाळली तरी चिखलातला कंद जिवंत राहतो आणि त्यास पुनः कोंभ फुटतात. शुभ्र, सुगंधी फूल सायंकाळी उमलते; गंधाच्या मागाने लांब सोंडेचे पतंग येतात व परागण करितात. क्यूबाने तर १९३६ साली ह्यास राष्ट्रीय पुष्प ठरविले! हवाई बेटांत व ब्राझीलमध्ये मात्र बागेबाहेर गेलेल्या ह्याच कंदांनी ओढ्याकाठी दाट रान माजविले असून तेथील मूळच्या वनस्पतींस जागा उरू दिलेली नाही. कंदाचा लहानसा तुकडाही रुजतो. म्हणून कुंडी बदलताना उरलेले कंद आम्ही तापीकाठी टाकीत नाही, शेजाऱ्यांस देतो.