पडद्यावरील अक्षरे आणि लहानग्यांचे वाचन

बँकेच्या काउंटरवर बसून आम्हाला वीस वर्षे होऊन गेली. पैसे काढण्याची स्लिप पुढे सरकवून "साहेब, तेवढी भरून द्या की," म्हणणारी माणसे आजही रोज येतात. मोंढ्यात माल घालून आलेला शेतकरी असतो, निराधार योजनेचे पैसे घ्यायला आलेली म्हातारी असते. परंतु कधी कधी सात-आठ इयत्ता शिकलेला तरुणही असतो. त्याला अक्षरे ओळखता येतात, पण एकेक अक्षर लावत ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीचा शब्द तो विसरलेला असतो. मुलाला शाळेत घातले म्हणजे वाचन आलेच असे नाही, हे अशा तरुणाकडे पाहून कळते. हा पाया कुठे कच्चा राहतो आणि घरातला टी.व्ही. व मोबाईल तो पक्का करण्यास उपयोगी पडेल काय, याचा विचार या लेखात करू.

मूल बोलायला आपोआप शिकते. वाचनाचे तसे नाही. लिपी ही माणसाने तयार केलेली वस्तू आहे, ती कोणीतरी दाखवावी लागते. मात्र दाखवण्याची रीत सहज असू शकते. आवाज ओळखीचा, अर्थ ओळखीचा आणि फक्त अक्षर नवे असले, की मुलाचे मन दोहोंची सांगड लवकर घालते. वाचणाऱ्या घरात हे नकळत घडते. वर्तमानपत्र, कॅलेंडर, मांडीवर घेऊन वाचलेली गोष्ट यांतून मूल पहिलीत जाण्याआधीच हजारदा अक्षरे पाहते. ज्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथे हे काहीच नसते. त्या मुलाची अक्षराशी पहिली भेट फळ्यावर होते आणि तीही 'क कमळाचा' अशी. कमळ तर त्याने पाहिलेलेच नसते! शर्यत सुरू होण्याआधीच तो मागे पडलेला असतो.

हाताशी असलेल्या साधनातून शिकवण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. महागड्या विदेशी साधनांऐवजी त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने वापरली, आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. आज बहुतेक अंगणांत मोबाईल पोहोचला आहे. तेव्हा त्याचाही विचार त्याच दृष्टीने करावयास हवा.

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ च्या सुमारास एक साधी कल्पना मांडली. टी.व्ही.वरील गाणे ज्या भाषेत आहे, त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्याखाली दाखवावेत आणि जो शब्द गायला जातो, त्याचा रंग त्याच क्षणी बदलावा. १९९९ मध्ये गुजरात दूरदर्शनच्या 'चित्रगीत' कार्यक्रमात हे झाले. २००२ पासून 'रंगोली'मधील हिंदी गाण्यांखाली शब्द येऊ लागले. २०१३ ते २०१५ च्या सुमारास 'झी टॉकीज'वर मराठी चित्रपटांनाही अशी मराठी सबटायटल देण्यात आली. यातील मर्म असे की गाणे पाठ असते, पुढला शब्द कोणता हे कानाला ठाऊक असते, म्हणून डोळा तो शोधू लागतो. शिकवणी नाही, परीक्षा नाही, चुकण्याची लाज नाही.

याशिवाय 'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रगोष्टी मोफत मिळतात. त्या उतरवून घेतल्या तर इंटरनेटविनाही वाचता येतात. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हे विशेष सोयीचे आहे. शाळा मागे राहते, पण मोबाईल फडावर सोबत असतो.

आमच्या घरातलाच अनुभव सांगतो. आमचा साडेचार वर्षांचा भाचा मोबाईलवरचे एक बडबडगीत दिवसभर म्हणत असे. आम्ही त्याचे शब्द जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे ठळक लिहिले आणि तो म्हणेल तसे बोट फिरवले. पाच-सहा दिवसांनी लग्नपत्रिकेवरील एका शब्दावर बोट ठेवून तो ओरडला, "मामा, हे बघ, मामा!" शब्द खरोखर 'मामा' हाच होता. चौथीतून शाळा सुटलेली आमची बहीण शेजारी बसून ऐकत असे. आता ती स्वतः बोट फिरवून त्याला गोष्ट वाचून दाखवते.

घरी करताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) गाणे किंवा गोष्ट आधी मुलाच्या ओठी बसू द्यावी. मग अक्षरे दाखवावीत.

२) सुरुवातीस पूर्ण शब्द दाखवावा. 'किती' या शब्दात पहिली वेलांटी 'क'च्या आधी लिहिली जाते, पण उच्चार नंतर होतो. अक्षरांची फोड केल्यास लहान मूल गोंधळते. फोड पुढे करता येते, आणि ती करावीच लागते.

३) पडद्यावर भेटलेला शब्द त्याच दिवशी कागदावर, भिंतीवर, बसच्या पाटीवर दाखवावा.

४) मूल घरची बोली बोलले तर हसू नये. वाचनाची पहिली पायरी तीच आहे.

५) जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितल्याप्रमाणे दोन वर्षांच्या आतील मुलाला पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एक तासाची कमाल मर्यादा आहे. आमच्या मते अक्षरांसाठी पंधरा मिनिटे पुरेत, आणि तेवढा वेळ कोणीतरी शेजारी बसलेच पाहिजे.

पोर रडते म्हणून हाती मोबाईल देऊन मोकळे होणे म्हणजे शिक्षण नव्हे. यंत्र आवाज देईल, रंग बदलेल, पण "शाब्बास" म्हणून पाठीवर हात ठेवणार नाही. ते काम आपले आहे. आपल्यापैकी जे शिकले, नोकरीला लागले, त्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ वस्तीतील चार मुलांना दिली, तर उद्या हीच मुले आमच्या काउंटरवर येऊन स्वतःच्या हाताने स्लिप भरतील, आणि ती पाहून आमच्यासारख्याचे डोळे भरून येतील.