माडावरची पांढरी माशी : वाडीने काय करावे?

प्रश्न : शेजारच्या गावात माडांवर पांढरी माशी आली आहे. आमच्या वाडीने आधीच फवारून घ्यावे का?

उत्तर : नको. ही रुगोज चक्राकार पांढरी माशी मूळची मध्य अमेरिकेतली. भारतात ती 2016मध्ये प्रथम पोल्लाचीला दिसली. तिने माड सहसा मरत नाही. तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते, म्हणून झावळ्या काजळल्यासारख्या दिसतात आणि माणसे घाबरून पंप उचलतात. विषारी फवारणीने तिचा शत्रूच आधी मरतो.

हा शत्रू म्हणजे एन्कार्सिया, टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशी. झावळीची पाती उलटून भिंगाने पाहा. माशीच्या कोषाला गोल भोक असेल, तर एन्कार्सिया तिथून बाहेर पडली आहे. अशी पाती जाळू नका.

पाडेल्यांना पांढऱ्या माशीची ओळख करून द्या. माडाच्या शेंड्यापर्यंत जातात तेच. खालच्या पात्यांवर मेणचट पांढरी वर्तुळे दिसली की त्यांनी लगेच सांगावे. बुंध्याला पिवळे चिकट सापळे बांधा, लहान माडांवर जोरात पाणी मारा. फारच वाढली तर निंबोळी तेल. आणि रोपे! कीड बहुधा रोपांबरोबर गाडीतूनच येते. पाती तपासल्याशिवाय बाहेरचे एकही रोप, मग ते केळीचे का असेना, वाडीत घेऊ नका.