अद्रेला निघालीस, तर एवढं ऐकून जा

पोरी, सॅटेलाइट फोन कसा लावायचा ते कंपनीच्या पुस्तकात आहेच. त्यात नसलेलं मावशीकडून ऐक. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटलं, आणि तिथल्या जेनेइना शहराची माणसं तीसेक किलोमीटर चालत चाडच्या हद्दीत, अद्रेला आली. वाटेत ज्यांची घरची माणसं सुटली, ते फोनसाठी तुझ्यापुढे रांगेत असतील.

१. सामानाची यादी सिरियल नंबरांसकट फ्रेंचमध्ये करून घे – कस्टमच्या साहेबांना इंग्रजी येईलच असं नाही.

२. थुराया किंवा इरिडियमचा फोन आम्हाला दाखवायला म्हणून मुंबईला आणू नकोस – परवानगीशिवाय तो भारतात चालत नाही, विमानतळावरच धरतील आणि तुझ्या काकांना वकील शोधत फिरावं लागेल.

३. उपग्रहाचं छोटं यंत्र आधी उघड्यावर ठेवून जीपीएस लागू दे – आपण कुठे आहोत हे कळल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. कडुलिंबाची सावली तुला गोड, अँटेनाला कडू.

४. अँटेनाची पाटी सकाळ-दुपार पुसत जा – तिथे उपग्रह जवळजवळ डोक्यावर असल्याने पाटी आडवीच राहते, अन् धूळ तिच्यावर ऐसपैस बसते. पाटी पुसली की लाइन बसली!

५. मोठी तबकडी आली तरी छोटं यंत्र चार्ज करून हाताशी ठेव – धो धो पावसात तबकडी रुसते, छोटं सहसा टिकतं. डिझेल आणि सुटे भाग मात्र जूनच्या आधीच भर, कारण नंतर कोरड्या ओढ्यांना पाणी येतं आणि ट्रक पलीकडेच अडकतात.

६. लॅपटॉपचे आपोआप होणारे अपडेट बंद कर – बिल एमबीवर येतं, आणि तू चहा पिईपर्यंत तो रांगेच्या वाटणीचा डेटा गिळून बसतो.

७. मार्चमध्ये आणि सप्टेंबरच्या अखेरीस रोज ठरावीक वेळी काही मिनिटं लाइन गेली तर स्क्रू पिळत बसू नकोस – सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो, सरकला की येते.

८. फोन देण्याआधी प्रत्येकाला सांग, 'बोला, मग थांबा' – आवाज ३५,७८६ किलोमीटर वर जाऊन खाली येतो, म्हणून उत्तराला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात माणूस घाबरून पुन्हा 'हॅलो, हॅलो' सुरू करतो आणि दोघांचंही बोलणं वाया जातं.

९. नंबर तूच लाव – सुरुवातीचा शून्य काढून ००२४९ जोडायचं हे थकलेल्या माणसाच्या ध्यानात राहत नाही. सुदानातली लाइन लागेना, तर परदेशातल्या नातेवाइकाचा नंबर विचार. बातमी बहुधा त्याच्याकडे जमलेली असते.

१०. वेळ सगळ्यांना सारखी दे – फ्रान्समधल्या पो गावी १९९८ मध्ये सुरू झालेली 'टेलिकॉम सां फ्राँतिएर' संस्था तीन मिनिटांचा फुकट कॉल देते, आणि रांगेला तो हिशेब पटतो. ओळखीच्याला चौथं मिनिट दिलंस की भांडण तुझ्याच तंबूत.

११. प्रत्येक कॉलनंतर नंबर पुसून टाक, वहीत नाव-नंबर लिहू नकोस – पुढच्याने नुसतं रीडायल दाबलं तरी आधीच्या बाईचा भाऊ कुठे लपलाय ते उघड होईल. याद्या मागणारे गोड बोलून येतात. त्यांना तुझ्या साहेबांकडे पाठव.

१२. फोनपासून चार पावलांवर आडोसा करून एक स्टूल आणि पाण्याचा जग ठेव – वाईट बातमी ऐकलेल्याला रांगेच्या नजरेखालून चालत जावं लागू नये. लगेच पुढचं नाव पुकारू नकोस.