बोअरच्या पाण्यावर पहिली प्लांटेड टाकी : कमी खर्चात

फिश टँकचा धंदा करायचा म्हटलं की बरेच जण आधी दुकानासाठी गाळा बघतात. आपण उलटीकडून जाऊ. आधी घरात एकच टाकी, जिवंत वनस्पतींची, आणि ती ६० दिवस चालवून बघायची. देवगाव रंगारीसारख्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात. तुम्ही दिलेल्या टाकीतले मासे आठ दिवसांत मेले, तर ती बातमी पुढच्या गिऱ्हाइकाकडे तुमच्या आधी पोहोचते.

लो-टेक म्हणजे काय? कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, महागडी लाइट नाही. टाकी १८ × १२ × १२ इंच, ५ एमएम काचेची. काठोकाठ साधारण ४२ लिटर पाणी मावतं. वाळू आणि काच धरून वजन ५५ किलोच्या आसपास जातं, त्यामुळे प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवू नका. मजबूत टेबल घ्या आणि टाकीखाली थर्माकोल घाला. खर्चाची मर्यादा आधीच वहीत लिहा, समजा दीड हजार. पैसा काच, बल्ब आणि रोपांवर जाऊ द्या. रंगीत खडे आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या पहिल्या टाकीला नकोतच.

बुडाला दीड-दोन इंच जाडसर वाळू, स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुतलेली. शेतातली काळी माती फुकट मिळते, पण ती पाण्यात फुलते आणि गढूळपणा बसता बसत नाही. शिवाय युरिया आणि फवारणीचे अंश असतात ते वेगळेच. शिकताना नुसती वाळू पुरे.

आता आपल्याकडचा खरा मुद्दा, पाणी. भांड्याच्या बुडाशी, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना? म्हणजे बोअरचं पाणी जड आहे. इंटरनेटवर दिसणारी कित्येक नाजूक रोपं या पाण्यात तग धरत नाहीत. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि सेराटोफिलम मात्र धरतात. व्हॅलिस्नेरिया तर बाजूला धावत्या फांद्या सोडून नवीन रोपं काढते, म्हणजे आज घेतलेल्या चार रोपांतून उद्याचा माल तयार होतो. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण प्राणवायू कमी असू शकतो, म्हणून ते उंचावरून ओता. नळाचं क्लोरीनचं पाणी असेल तर एक दिवस उघडं ठेवा.

लाइटसाठी ९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब चालतो, रोज सात तास. महिन्याला दोन युनिटही लागत नाहीत. खिडकीच्या उन्हात टाकी ठेवली की पाणी हिरवं होतं आणि तापतंही.

आणि मासे? थांबा. चार ते सहा आठवडे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, आणि तो पचवणारे जिवाणू वाळूत वाढायला तेवढा वेळ लागतो. या काळात दोन-तीन दिवसांनी चिमूटभर फिश फूड टाका, जिवाणूंना तेच खाद्य. पाणी जितकं अल्कधर्मी आणि गरम, तितका अमोनिया जास्त विषारी. आपल्या पाण्यात आणि आपल्या उन्हाळ्यात ही घाई अजून महागात पडते.

मग पाच-सहा गप्पी सोडा. आरोग्य विभागाच्या डासांविरुद्धच्या मोहिमेमुळे हे नाव गावागावांत माहीत आहे, आणि जड पाणी त्यांना मानवतं. पिल्लं भराभर होतात. जास्त झाली म्हणून आपल्या मनाने नदीत किंवा तळ्यात सोडायची नाहीत.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. एप्रिल-मेमध्ये पाणी आटतं, पण क्षार टाकीतच राहतात. म्हणून नुसती भर घालायची असेल तेव्हा जारचं आरओ पाणी वापरा. आरओ मशीनच्या सांडपाण्याच्या नळीचं अजिबात नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात. दुपारी टाकीचं झाकण काढून छोटा पंखा लावला तरी पाणी थोडं उतरतं.

६० दिवस टाकी नीट चालली की पहिलं गिऱ्हाईक घ्या. बिलाचे दोन भाग करा : टाकी, वाळू आणि रोपांचे पैसे आज. माशांचे पैसे महिन्याने, तुम्ही स्वतः जाऊन पाणी बघितल्यावर.