लॅब टाकण्यापूर्वी सही कोणाची ते पाहा

बारावी सायन्स झालेल्या मुलांचे पालक आमच्याशी बोलतात तेव्हा एक वाक्य हमखास येते: "मेडिकलला नंबर लागला नाही, आता लॅबचा कोर्स करवून गावात लॅब टाकून देऊ." विचार वाईट नाही, पण त्यात एक मोठी फट आहे.

निरोगी शरीर कसे चालते हे फिजिऑलॉजी, म्हणजे शरीरक्रियाशास्त्र, शिकविते. आजारात त्याचे काय बिघडते हे पॅथॉलॉजीत, म्हणजे विकृतिशास्त्रात, कळते. एम.बी.बी.एस.ला फिजिऑलॉजी आधी आणि पॅथॉलॉजी नंतर असते, ते उगीच नव्हे. लॅबमधलेच उदाहरण घ्या. साखरेसाठी काढलेले रक्त साध्या बाटलीत दोन-तीन तास पडून राहिले, तर रक्तपेशी त्यातील साखर वापरत राहतात आणि रिपोर्टमध्ये आकडा कमी येतो. म्हणून त्यासाठी फ्लोराईड घातलेली करड्या टोपणाची बाटली वापरतात. रक्त ओढताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते, कारण शरीरातील बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असते. मशीन दोन्ही वेळा आकडा छापून मोकळे होते. चूक ओळखायची ती माणसाने. ज्याने फिजिऑलॉजी घोकून पास केली त्याला ती ओळखता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. पॅथॉलॉजिस्ट आणि टेक्निशियन एक नव्हेत. पॅथॉलॉजिस्ट होण्यासाठी एम.बी.बी.एस. आणि त्यानंतर तीन वर्षांची एम.डी. लागते. गाठीचा तुकडा पाहून कॅन्सर आहे की नाही हे सांगणे त्याचे काम. नमुना घेणे, तपासणी करणे, मशीनची देखभाल हे टेक्निशियनचे काम, आणि त्यासाठी डी.एम.एल.टी. किंवा नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बी.पी.एम.टी. अशी पदवी आहे. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, ही भूमिका उचलून धरली. म्हणजे नुसत्या डी.एम.एल.टी.च्या जोरावर रिपोर्टवर सही करता येत नाही.

आमच्या पाहण्यातील एका तरुणाने आईचे दागिने मोडून मशीन घेतले आणि परगावच्या डॉक्टरच्या सहीचा शिक्का मारून रिपोर्ट देऊ लागला. तक्रार झाली, लॅब बंद पडली. मशीनचे हप्ते मात्र चालूच राहिले. कोर्सला प्रवेश देताना त्याला हे कोणी सांगितले नव्हते.

मग धंदा करूच नये काय? जरूर करावा. पॅथॉलॉजिस्टला भागीदार घ्यावे, पण तो प्रत्यक्ष लॅबमध्ये येणारा हवा. नाहीतर मोठ्या लॅबचे नमुना संकलन केंद्र घ्यावे, त्यात भांडवल कमी अडकते. नोकरीच करायची तर रुग्णालये आणि रक्तपेढ्या आहेतच. ई.सी.जी., ई.ई.जी., फुप्फुसांची क्षमता तपासणे ही कामे तर सरळ फिजिऑलॉजीतून आलेली आहेत. शिकविण्याची आवड असणाऱ्यांना एम.एस्सी. मेडिकल फिजिऑलॉजीचा मार्ग आहे. कलकत्ता विद्यापीठात बी.एस्सी.लाच फिजिऑलॉजी हा स्वतंत्र विषय घेता येतो.

प्रवेश घेताना संस्थेला दोन गोष्टी लेखी मागाव्यात: कोणत्या विद्यापीठाची किंवा मंडळाची मान्यता आहे, आणि प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात, किती महिने मिळेल. उत्तरे टाळली गेली तर फीचे पैसे खिशातच ठेवावेत.